वजीरच्या पोटातलं पाणी

१

"बाई, तुमच्या कागदानं माझा वजीर मरणार हाय. अन् तो तर तिकडं उभा राहून कडबा खातोय!"

हिम्मतराव प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. वहाणा बाहेर काढलेल्या, पटका हातात. एरवी ते इतक्या मोठ्याने बोलत नसत.

रजनी सेलूकरने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. हैदराबाद शहरातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यामागे ही तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती. इथून जाणाऱ्या प्रत्येक अहवालाखाली तिची सही असे.

"आत या, हिम्मतराव. बसा."

"बसायला येळ न्हाई. दुपारची सुट्टी संपली की कापणार म्हणे."

वजीर हा देवणी जातीचा सरकारी वळू. त्या वर्षी, १९५६च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. माणसं, टेबलं, तराजू, जनावरं, सगळ्यांच्या याद्या झाल्या. वजीर मुंबई राज्याच्या वाट्याला आला होता. वासरू होता तेव्हापासून हिम्मतरावांनी त्याला वाढवलं होतं आणि दोघांनी एकाच गाडीने उदगीरकडे जायचं ठरलं होतं. तेवढ्यात वजीरने खाणं टाकलं. डॉक्टर अप्पारावांनी त्याच्या पोटात लांब सुई घालून आतड्याभोवतीचं थोडं पाणी काढलं आणि ते तपासायला इकडे पाठवलं. निरोगी जनावराच्या पोटात असं पाणी अगदी थोडं आणि नितळ असतं. या पाण्यात रक्त होतं, पू होता आणि जंतू होते. बैलाच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक एकच निघतो: चाऱ्यातून गिळलेल्या तारेने पोट आतून भोसकलं गेलं आहे.

"एवढं जड जनावर दोरांनी पाडायचं," हिम्मतराव म्हणाले, "कूस उघडायची, हात घालून तार हुडकायची. किती उठतात परत? खरं सांगा."

"थोडे."

"मंग एकदा त्याला बगा तरी."

ती उठली. पायरीवर जयवंताबाई दवाखान्यात आणलेली आपली शेळी धरून बसल्या होत्या. रजनी बाहेर पाऊल टाकते तोच शेळीने पाय फाकवले आणि पायरी भिजवून टाकली.

"जयवंताबाई!" आतून आबासाहेबांचा आवाज आला. आबासाहेब प्रयोगशाळेचे सर्वांत जुने सहायक. "ती सरकारी पायरी आहे!"

"सरकारी हाय म्हणूनच मुतली," जयवंताबाई म्हणाल्या. "कोणत्या सरकारची ते तुमास्नी तरी ठावं हाय का?"

आवारातल्या चिंचेखाली वजीर उभा होता. पांढरा, काळे ठिपके, पाठीवर डौलदार वशिंड. समोरची कडब्याची पेंढी निम्मी संपली होती. रजनीने त्याच्या कानाला हात लावला. कान गार होता, ताप नव्हता. नाकपुड्यांवर दव धरल्यासारखं पाणी होतं. हिम्मतरावांनी त्याच्या छातीखाली मूठ दाबली. तार रुतलेला बैल तिथे कण्हतो, पाठ उचलतो. वजीरने फक्त शेपूट हलवलं आणि पुढची काडी ओढली.

रजनी परत आली आणि तिने कालची काचपट्टी पुन्हा भिंगाखाली ठेवली. पू होता. जंतूही होते. तिने काल लिहिलेला एकही शब्द चुकीचा नव्हता.

आजार खरा होता. फक्त तो त्या बैलाला झालेला दिसत नव्हता.

२

कोणी बाटलीत मुद्दाम काही मिसळलं असेल का? रजनीच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. घाण मिसळली की जंतू कुठेही सापडतात.

पण या काचपट्टीवरचे जंतू पेशींच्या पोटात होते. जिवंत शरीरात पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. बाटलीत मागाहून पडलेले जंतू बाहेरच तरंगत राहतात. म्हणजे हे पाणी कुणाच्या तरी पोटातून आलं होतं आणि ते पोट खरोखर सडत होतं.

तिने काचपट्टी थोडी सरकवली. लाल पेशी एकमेकींवर चढून रांगा करून बसल्या होत्या, लाड बाजारातल्या दुकानात बांगड्यांच्या चळती असतात तशा. काल तिने हे पाहिलं होतं आणि थर जाड पसरला गेला असेल असं समजून पुढे गेली होती. आज ती तिथेच थांबली. बैलाच्या लाल पेशी अशा चळती करत नाहीत.

खिडकीशी भिंतीला ठोकलेल्या लाकडी स्टँडमध्ये सोमवारच्या पाच नळ्या अजून उभ्या होत्या. आठवडा संपेपर्यंत नळ्या टाकायच्या नाहीत, अशी इथली रीत. ती स्टँडसमोर उभी राहिली.

रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध घातलेलं असतं. अशा नळीत गाई-बैलाचं रक्त दुसऱ्या दिवशीही लाल ते लालच दिसतं, इतक्या सावकाश त्याच्या पेशी खाली उतरतात. घोड्याचं रक्त मात्र चहा निवेपर्यंत खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं.

डावीकडच्या पहिल्या नळीत तळाशी गडद लाल थर होता. वर पिवळं, गढूळ पाणी.

"पद्मावती," ती तेलुगूत म्हणाली, "ही पहिली नळी कोणाची?"

पद्मावती कर्नूलहून नुकतीच इकडे बदलून आली होती. नवं राज्य तिला इथे घेऊन आलं होतं आणि हैदराबादचं पाणी तिला अजून मानवलं नव्हतं.

"वजीरची, अक्का. तुम्हीच सही केली ना?"

"हो, सही माझीच आहे," रजनी म्हणाली. "पण हे घोड्याचं आहे."

३

सोमवारी पाच जनावरांच्या पोटातलं पाणी आलं होतं. पहिला वजीर, दुसरी जयवंताबाईंची शेळी, तिसरा हिमायतनगरच्या एका वकिलांचा म्हातारा कुत्रा, चौथा एक रेडा आणि पाचवी कोठीच्या टांगेवाल्या खाजा मियाँची घोडी, चांदनी. घोडीच्या नावावर 'पाणी नितळ, दोष नाही' असा अहवाल गेला होता. खाजा मियाँ काल संध्याकाळी तिला घरी घेऊन गेले होते.

"मी म्हणत व्हतो ना!" हे ऐकताच हिम्मतराव म्हणाले. "डाक्टरानं अदलाबदल केली. वजीर हितंच ऱ्हावा म्हणून त्यांनी वर अर्ज धाडले व्हते. सगळ्या दवाखान्याला ठाव हाय."

"कापलेला बैल ठेवून त्यांना काय मिळणार?"

"टाके घातलेला बैल गाडीत चढवत न्हाईत, बाई. वाचला तर हितंच ऱ्हाईल."

म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. रजनी शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेली.

डॉक्टर अप्पाराव हत्यारं उकळत होते. त्यांची मराठी दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांकडून शिकलेली, आणि त्यात दखनी नि तेलुगू हवी तशी मिसळलेली.

"या, रजनीबाई. हिम्मतराव मला शिव्या देऊन राहिले ना? देऊ दे. मी त्याच्या जागी असतो तर मी पण दिल्या असत्या."

"तुम्हाला वजीर इथे हवा होता?"

"हौ. हवा होता. अजून हवा आहे. असा वळू कोण सोडतो?" त्यांनी चिमट्याने सुरी वर काढली, पाहिली, परत पाण्यात सोडली. "पण चालता-फिरता हवा, बाई. कुशीला भोक पाडून भिंतीला टांगायला तो काय फोटो आहे?"

रजनीने नळीत काय दिसलं ते सांगितलं. ती थांबल्यावर त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"आता मी एक सांगतो. वाईट वाटून घेऊ नका. तो रेडा होता ना? मला बोटांनी कळलं होतं, त्याचं मूत्राशय फुटलंय. तुमचा रिपोर्ट आला: यकृतातल्या कृमींनी साठलेलं पाणी. काल रात्री रेडा गेला. सकाळी उघडला तर पोट लघवीने भरलेलं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुमचं अर्धं सामान पेट्यांत, अर्धी माणसं यादीत. वाटणी चाललेल्या घरात जाऊन भाजीत मीठ नाही म्हणून कोण सांगतं?"

"सांगायला हवं होतं."

"हौ," अप्पाराव म्हणाले. "हवं होतं."

बाहेर पाडण्याचे दोर आणून टाकल्याचा आवाज झाला.

"ऑपरेशन थांबवा," रजनी म्हणाली.

"आणि तार असली तर? थांबलो तर तीच तार काळजात जाते. काल तुमचा एक कागद आला, आज तुम्ही म्हणता तो चूक. ठीक. पण कसा चूक? मुद्दाम कोणी केलं? कोणी? ते कळलं नाही तर तुमचा दुसरा कागद खरा कशावरून? परत सुई घालून पाणी काढलं तरी ते तुमच्याच खोलीत तपासायचं ना?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"सुट्टी संपेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "त्यानंतर सुरी."

४

बाटल्यांना हात लावणारी माणसं दोनच. दवाखान्यातून क्रमांक घातलेल्या बाटल्या येत; आबासाहेब त्यातलं पाणी नळ्यांत ओतून नळ्या स्टँडमध्ये लावत; पद्मावती तिथून एकेक नळी उचलून काचपट्ट्या करी, रसायनं घाली, आणि रजनीसमोर ठेवी.

"नळ्यांवर क्रमांक का नाहीत?" तिने पद्मावतीला विचारलं.

"काचेवर लिहायच्या पेन्सिली वाटणीत औरंगाबादच्या पेटीत गेल्या, अक्का. डिंकाच्या चिठ्ठ्याही. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आबासाहेब म्हणाले, स्टँडमध्ये क्रमाने असतात, लिहायचं कशाला? इतकी वर्षं असंच चाललंय."

"तू नळ्यांच्या जागा बदलल्यास?"

"नाही! पहिल्या नळीपासून घेतल्या, ओळीने. एकेक उचलायची, काम झालं की परत त्याच भोकात." तिचे डोळे भरून आले. "मी नवी आहे म्हणून माझ्यावर येणार, हो ना?"

"अजून कोणावरच आलेलं नाही. डोळे पूस आणि थांब इथे."

आबासाहेब मागच्या खोलीत गवत भरून पेटी बांधत होते. मराठवाड्यातल्या देशमुखांच्या घरातला माणूस. पण शाळा, परीक्षा, नोकरी सगळं निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. अजून घरचा हिशेबही उर्दूत लिहीत. औरंगाबादला जाण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. यादीत त्यांनी बांधलेल्या पेट्या होत्या, त्यांचं नाव नव्हतं.

"माझ्यावर शक आहे?" ते हात न थांबवता म्हणाले.

"विचारायला आले आहे."

"मग विचारा. मुलाजमत संपत आली माझी, बाईसाहेब, पेन्शनीला आलो. राग आहे, नाही कशाला म्हणू? सामान जातं, माणूस राहतो. पण तो राग मी एका बैलावर काढीन?"

"नळ्या कशा लावल्यात?"

"जशा नेहमी लावतो. पहिल्यापासून, ओळीने. हातानं चूक झालेली नाही."

"खात्री आहे?"

"माझ्या आईच्या नावाइतकी."

रजनी आपल्या टेबलाशी येऊन बसली. दोघंही खरं बोलत होते, असं तिला वाटत होतं. पण वाटणं अप्पारावांना दाखवता आलं नसतं.

तिने मनात एकेक जनावर पुढे आणलं. बैलाच्या नावावर घोडीचं पाणी. घोडीच्या नावावर नितळ पाणी. ते बैलाचं असणार. इथवर हिम्मतरावांचा संशय टिकत होता. ज्याला बैल थांबवायचा त्याने तेवढ्या दोनच नळ्या बदलल्या असत्या.

पण रेड्याचाही अहवाल चुकला होता. त्याच्या पोटात लघवी होती आणि कागदावर मात्र कृमींचं पाणी. मग लघवी कोणाच्या नावावर गेली?

ती एकदम उठून दाराशी गेली. पायरी वाळली होती, पण डाग दिसत होता. 'मूत्राशय फुटलेलं' असा अहवाल शेळीच्या नावावर गेला होता. मूत्राशय फुटलेली शेळी अशी भरभरून मुतत नाही.

शेळी आणि रेडा यांची अदलाबदल करून कोणाचं काय साधणार होतं? जयवंताबाईंची शेळी इथे राहावी की मुंबईला जावी, याची चिंता कुठल्याच सरकारला नव्हती.

राहिला कुत्रा. त्याचं हृदय थकलं होतं, पोटात फिकट पाणी होतं, आणि कागदावर तेच होतं. औषधही लागू पडलं होतं.

दोन टोकं एकमेकांच्या जागी. आतली दोनही एकमेकांच्या जागी. आणि मधला कुत्रा तेवढा जिथल्या तिथे.

रजनीने खिडकीबाहेर पाहिलं. सावल्या चिंचेच्या बुंध्याशी आखडल्या होत्या. वजीरच्या गळ्यातलं जुनं दावं सोडून जाड दोर अडकवला जात होता. हिम्मतराव दोर बांधणाऱ्याच्या हाताला धरून काहीतरी सांगत होते.

"आबासाहेब," तिने हाक मारली. "दोन मिनिटं इकडे या. डॉक्टर अप्पारावांनाही बोलवा. म्हणावं, हात धुऊन या, सुरी न घेता."

५

सोमवारच्या नळ्या तिने क्रम न बदलता बाजूला काढून ठेवल्या होत्या. स्टँड रिकामा होता. टेबलावर पाच कोऱ्या नळ्या आणि शाईची दौत.

"पद्मावती, तू जरा मागच्या खोलीत जा. आबासाहेब, या पाच नळ्या स्टँडमध्ये लावा. पहिलीत थोडी लाल शाई घाला."

"हा काय पोरखेळ?" आबासाहेब म्हणाले, पण त्यांनी नळ्या उचलल्या. उजव्या टोकापासून सुरुवात करून एकेक नळी डावीकडे लावत गेले. मग उजव्या टोकाच्या नळीत शाई ओतली. "झालं. पहिली."

अप्पाराव पुढे वाकले. रजनीने बोटानेच त्यांना गप्प राहायला सांगितलं. शाईची नळी काढून तिथे दुसरी एक कोरी नळी ठेवली आणि पद्मावतीला आत बोलावलं.

"या पाच नळ्यांतली पहिली मला दे."

पद्मावतीने क्षणाचाही विचार न करता डाव्या टोकाची नळी उचलून तिच्या हातात दिली.

आबासाहेबांचा चेहरा हळूहळू उतरला. ते स्टँडकडे पाहत राहिले.

"आबासाहेबांचा हात उर्दूत शिकलेला आहे," रजनी म्हणाली. "उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून त्यांची पहिली जागा उजवीकडे. इतकी वर्षं नळ्या तेच लावत, काचपट्ट्याही तेच करत. त्यामुळे क्रमांक लिहायची गरजच पडली नाही. या महिन्यात पहिल्यांदा एकाने लावल्या आणि दुसऱ्याने उचलल्या. पद्मावतीचा हात तेलुगू आणि इंग्रजीचा, डावीकडून चालणारा. पाचवी नळी पहिली झाली, चौथी दुसरी झाली. मधली कुठूनही मोजली तरी मधलीच."

"म्हणून कुत्रा बचावला," अप्पाराव म्हणाले.

"म्हणून कुत्रा बचावला. कोणी काही बदललेलं नाही. पाचही अहवाल उलट्या क्रमाने वाचा, डॉक्टर. तुमचा रेडा, जयवंताबाईंची शेळी, सगळं जुळतं."

अप्पारावांनी बोटांवर जुळवून पाहिलं. मग मान हलवली.

"अय्यो," ते म्हणाले. "आणि हिम्मतराव मला कसाई म्हणत फिरतोय."

"माझं नाव लिहा, बाईसाहेब," आबासाहेब म्हणाले. आवाज कोरडा होता. "वर लोक वाटच पाहतायत. जुना उर्दूवाला, याला घरी पाठवा."

"तुमचं नाव का लिहू? तुम्ही पहिल्यापासून लावल्या, हिने पहिल्यापासून घेतल्या. नळीकडे न बघता सही मी केली." रजनीने पेटीवरची दोरी सोडायला घेतली. "औरंगाबादला चार पेन्सिली कमी गेल्या तर तिकडचं काम अडणार नाही. आजपासून काचेवर क्रमांक."

पद्मावती चाचरत आबासाहेबांकडे वळली. तिची हिंदी अजून कच्ची होती. "आबासाहेब, पहिली कोणत्या बाजूची धरायची?"

आबासाहेब थोडं हसले.

"आता तुमचीच बाजू पहिली, अम्मा," ते म्हणाले.

६

तरीही अप्पारावांना आणखी एक खात्री हवी होती, आणि ते बरोबरच होतं.

वजीरला पाडलं नव्हतं, पण चारही पायांत दोर होते. हिम्मतराव त्याच्या तोंडाशी उभे होते. कोणी काही समजावलं नव्हतं. डॉक्टरांच्या हातात सुई बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हिम्मतराव, कापत नाही," रजनी म्हणाली. "फक्त पाणी काढायचंय. इथेच, तुमच्यासमोर बघायचं."

"मंग डोळे उघडतो."

सुई गेली. वजीरची कातडी थरथरली. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि तेच चांगलं चिन्ह होतं. मग सुईच्या टोकाशी एक थेंब जमला, त्यामागे आणखी काही. अप्पारावांनी ते नळीत धरले. पद्मावतीने नळीवर पेन्सिलीने ठळक एक लिहिला.

पाणी फिकट होतं, भिजवलेल्या गवताच्या पाण्यासारखं. पलीकडचं बोट दिसत होतं.

रजनीने काचेच्या पेल्यात पाणी आणि किंचित आम्ल घालून आणलं होतं. पू झालेल्या पोटातलं पाणी त्यात सोडलं की थेंबामागे धुरासारखी पांढरी रेघ तळापर्यंत उतरते. तिने आधी सोमवारची लाल थराची नळी घेतली आणि वरच्या पिवळ्या पाण्याचा थेंब सोडला. पांढरी रेघ वळसे घेत खाली गेली आणि तळाशी तशीच राहिली.

"हे काल वजीरच्या नावावर होतं," ती म्हणाली.

मग दुसरा पेला, नव्या नळीतला थेंब. तो पडला. सगळे वाकून पाहत होते. रेघ दिसली नाही. थेंब पाण्यात गेला आणि पाणीच झाला.

"कुठं गेला?" हिम्मतरावांनी विचारलं.

"विरघळला. वजीरच्या पोटात काही नाही."

"दोर काढा रे," अप्पाराव ओरडले. "हिम्मतराव, मला दिलेल्या शिव्या परत घ्या."

"दोन ठिवतो, डाक्टर. पुढं लागतील."

अप्पाराव मोठ्याने हसले, मग एकदम थांबले. "पण मग हा खात का नव्हता?"

रजनीने कडब्याच्या उरलेल्या पेंढीकडे पाहिलं. "हिम्मतराव, तुम्ही गावाकडे कधी गेला होतात?"

"गेल्या आठवड्यात. मुक्कामाची सोय बगायला. आल्यावर बगतो तर ह्यानं खाणं टाकलेलं."

"आणि हा कडबा?"

"येताना मीच आणला, बाई. काल रातच्याला माझ्यासंगंच ट्रकमधनं उतरला."

"वजीरचा कडबा आधी कुठून यायचा? तुमच्याच भागातून. एक तारखेपासून तो भाग दुसऱ्या राज्यात. तिकडून माल येईना, म्हणून कोठारवाल्याने भाताचं काड घातलं असणार. वजीरने ज्वारीच्या कडब्याशिवाय दुसरं कधी खाल्लंय?"

"न्हाई," हिम्मतराव म्हणाले आणि त्यांनी वजीरच्या मानेवर हलकी थाप मारली. "अरं, मंग रुसला व्हतास व्हय? असं सांगावं की!"

वजीरला उद्याच्या गाडीत चढवायला हरकत नाही, असं अप्पारावांनी तिथेच सांगितलं. हिम्मतरावांनी दावं हातात घेतलं. पण ते हलले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "ते पांढऱ्या धुराचं पाणी. ते मंग कुणाचं?"

७

कोठीच्या पुस्तकांच्या दुकानांमागे टांगेवाल्यांची गल्ली होती. रजनी, अप्पाराव आणि हिम्मतराव तिथे पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तुम्ही कशाला येता, असं रजनीने हिम्मतरावांना विचारलं होतं. त्यांनी नुसत्या वहाणा पायात सरकवल्या होत्या.

खाजा मियाँ तबेल्याच्या तोंडाशी गोणपाटावर बसले होते. रजनीला पाहून लगबगीने उठले.

"आओ बाई, आओ. कल से आपके वास्ते दुआ कर रा हूँ. सब साफ निकला, बोले ना? बस, जरा थक गई है मेरी बेटी. खाती नै, इत्ताच."

चांदनी आत उभी होती. मान खाली, पोट आखडलेलं, मानेवर घाम वाळून पांढरा झालेला. अप्पारावांनी तिचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोटाला कान लावला. पुष्कळ वेळ लावला. मग रजनीकडे पाहून त्यांनी अगदी थोडी मान हलवली आणि पिशवीतून दुखणं उतरवायची सुई काढली.

रजनीने खाजा मियाँना सगळं सांगितलं. तिची दखनी साधी होती, आणि तिने काही गुंडाळलं नाही. नळ्या उलट्या मोजल्या गेल्या. आजार पहिल्या दिवसापासून चांदनीचा होता. काल कळलं असतं तर औषध काल सुरू झालं असतं, आणि तरीही घोडी वाचली असती असं तिला सांगता येत नव्हतं. डॉक्टर आता रोज येतील. आशा फार नाही.

ऐकता ऐकता खाजा मियाँ पुन्हा गोणपाटावर बसले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं,

"तो कल की अच्छी खबर... वो किसकी थी?"

रजनी बोलणार तोच हिम्मतराव पुढे झाले.

"मेरे बैल की थी, भाई."

खाजा मियाँनी त्यांच्याकडे वर पाहिलं. पटका, वहाणा, बाहीला लागलेला कडब्याचा भुसा.

"अच्छा है अब?"

"अच्छा है."

"कितने दिन से पालरे?"

"बछडा था तब से."

खाजा मियाँनी मान डोलवली. मग ते गोणपाटावर एका बाजूला सरकले आणि उरलेल्या जागेवर हात ठेवला.

"बैठो," ते म्हणाले.

हिम्मतराव बसले. अप्पारावांची सुई लागू झाली असावी. घोडीने मान किंचित वर केली. चांदनी पहिल्यांदा या गल्लीत आली तेव्हा किती लहान होती, ते खाजा मियाँ सांगू लागले, आणि हिम्मतराव मध्येमध्ये काही विचारत ऐकत राहिले.